जुना एपिक की नवा रायझन? मांडवी-झुआरीचे मॉडेल आणि ४के एडिटिंग

खाजन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ताळगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक मशीन उभे करायचे आहे. कामे दोन.

रात्री रॉम्स, म्हणजे समुद्र-खाडीतल्या पाण्याच्या हालचालीचे संगणकीय मॉडेल, चालणार. मांडवी आणि झुआरीची मुखे, त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आणि बाहेरचा थोडा समुद्र. जाळी ३०० गुणिले ४००, खोलीचे २० थर. दिवसा डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर ४के १०-बिट फुटेज, काही ड्रोनचे, काही कॅमेऱ्याचे. सध्याचे मशीन रायझन ७ ५७००एक्स, डीडीआर४-३२०० च्या दोन पट्ट्या, १२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड. रॉम्सचा एक रन रात्रभरात संपत नाही, ही खरी अडचण.

डोळ्यापुढे दोन पर्याय आहेत.

अ) सर्व्हरमधून काढलेला एएमडीचा सर्व्हर प्रोसेसर एपिक ७४०२पी, सुपरमायक्रोचा एच१२एसएसएल-आय बोर्ड, डीडीआर४-३२०० आरडीआयएमएमच्या (सर्व्हरच्या रॅमच्या) १६ जीबीच्या आठ पट्ट्या.

ब) नवा रायझन ९ ९९५०एक्स, एक्स८७०ई बोर्ड, डीडीआर५ च्या ४८ जीबीच्या दोन पट्ट्या.

इंटेलचेही चालेल. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावे.

---

अंत्रुज

खाजनबाब, प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो.

७४०२पी मध्ये २४ कोअर, बेस २.८ आणि बूस्ट ३.३५ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) १२८ एमबी, १८० वॉट. २०१९ ची झेन २ पिढी. ९९५०एक्स मध्ये १६ कोअर, बेस ४.३ आणि बूस्ट ५.७ गिगाहर्ट्झ, एल३ ६४ एमबी, १७० वॉट. २०२४ ची झेन ५ पिढी. कोअर २४ विरुद्ध १६ बघून एपिक मोठा वाटतो, पण शुद्ध आकडेमोडीत तो मागे पडतो. वेग कमी, दर ठोक्याला होणारे कामही कमी. झेन ५ कडे एव्हीएक्स-५१२ (एका सूचनेत अनेक आकडे हाताळायची सोय) आहे, झेन २ कडे नाही. ब्लेंडरचा सीपीयू रेंडर किंवा कोड कंपाइल करणे एवढेच काम असते, तर इथेच थांबून रायझन घ्या म्हटले असते.

पण रॉम्स वेगळे आहे. तुमच्या जाळीचा हिशेब करा. ३०० × ४०० × २० म्हणजे २४ लाख बिंदू. दर बिंदूला ८ बाइट धरले की एकाच त्रिमितीय राशीला १९.२ एमबी लागतात. वेगाचे दोन घटक, तापमान, क्षारता, घनता, मिश्रणाचे गुणांक, त्यांच्या मागच्या पायऱ्यांच्या प्रती, अशा पन्नास-साठ राशी सहज होतात. म्हणजे एक जीबीच्या वर माल. तो ६४ एमबीत मावत नाही आणि १२८ एमबीतही नाही. प्रत्येक टाइमस्टेपला हा सगळा ढीग रॅममधून प्रोसेसरपर्यंत आणि परत न्यावा लागतो, आणि त्यावर होणारी गणिते मात्र थोडी. कोअर कितीही चपळ असले तरी रॅमकडे तोंड करून बसून राहतात.

आता रॅमचा रस्ता बघा. एपिकला आठ चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा): ८ × ८ बाइट × ३२०० = सेकंदाला २०४.८ जीबी. ९९५०एक्सला दोन चॅनल, अधिकृत वेग ५६००: सेकंदाला ८९.६ जीबी. तुमच्या ५७००एक्सला ५१.२. दर कोअरच्या वाट्याला एपिकमध्ये साडेआठ जीबी, ९९५०एक्समध्ये ५.६.

म्हणून खरेदीआधी एक चाचणी करा. आहे त्याच मशीनवर, तीच जाळी, मॉडेलमधला एक दिवस, आधी २ प्रोसेस, मग ४, ६, ८. प्रत्येक प्रोसेस एकेका खऱ्या कोअरला बांधा, नाहीतर दोन प्रोसेस एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर बसतात आणि आकडे फसवे येतात. कोअर दुप्पट केल्यावर वेळ निम्मा होत गेला तर काम कोअरवर अडले आहे. वेळ मध्येच हलायचा थांबला तर रॅमवर.

---

बारदेस

वरचे सगळे मान्य, पण दिवसाचे काम विसरू नका. टाइमलाइनवर क्लिप सरकवणे, प्रोजेक्ट उघडणे, इफेक्टचे पूर्वदृश्य दाखवणे यांत दोन-चार कोअरचाच घाम निघतो. तिथे ३.३५ आणि ५.७ मधला फरक हाताला जाणवतो.

फुटेजचे स्वरूपही तपासा. ड्रोनचे बहुधा एच.२६५ १०-बिट ४:२:० असते (हे आकडे रंगाची माहिती किती ठेवली ते सांगतात), ते कुठलेही आजचे ग्राफिक्स कार्ड उलगडते. कॅमेऱ्याचे ४:२:२ असेल तर गाडी अडते. हे स्वरूप हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या क्विकसिंकमध्ये ११व्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत आणली, ४० आणि त्याआधीच्या कार्डांत नाही. या एपिकमध्ये ग्राफिक्स मुळातच नाही. सर्व्हर बोर्डावरची व्हीजीए फक्त पडदा दिसण्यापुरती.

मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडून 'क्रोमा सबसॅम्पलिंग' ही ओळ वाचा. ४:२:२ दिसले आणि कार्ड जुने असले तर एडिटिंगआधी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) करून घेणे हाच सोपा उपाय. त्यासाठी प्रोसेसर बदलायची गरज नाही.

---

साष्टी

दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ चा जुना सर्व्हर का नको? १४ + १४ कोअर, चार-चार चॅनल, आणि जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळतात.

---

म्हादई

साष्टीदादा, हा पर्याय कागदावर छान दिसतो. २०१६ चा प्रोसेसर, कोअरचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ, डीडीआर४-२४००. एका सॉकेटला ७६.८, दोन्ही मिळून १५३.६ जीबी. पण ही बेरीज तेव्हाच खरी ठरते जेव्हा प्रत्येक कोअर आपल्याच सॉकेटच्या रॅममधून वाचतो. पलीकडच्या रॅममधले हवे असेल तर ते मधल्या दुव्यावरून येते, उशिरा आणि कमी वेगाने. एमपीआयने (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारी सोय) प्रोसेस बांधून चालवलेल्या रॉम्सला हे सांभाळता येते. रिझॉल्व्हला अजिबात नाही.

प्रोसेसरच १२० + १२० वॉट खातात. विंडोज ११ ची अधिकृत साथ नाही. पीसीआयई ३.० वरच थांबावे लागते. आणि स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या एक्स९९ बोर्डांवर चारही चॅनल खरोखर जोडलेले आहेत का, हे पट्ट्या घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिकायला, व्हर्च्युअल मशिनी चालवायला ठीक. या कामाला नको.

---

खाजन

अंत्रुजदादा, आभार. चाचणी लावतो. तोवर एक शंका. त्याच विक्रेत्याकडे एपिक ७२८२ आहे, १६ कोअर, बराच स्वस्त. आठ चॅनलच हवे असतील तर तो का घेऊ नये?

---

अंत्रुज

घेऊ नका. बहुतेक जण फसतात ते नेमके इथे.

एपिक ७००२ मालिकेत (७४०२पी, ७२८२ तिच्यातलेच) कोअर छोट्या छोट्या चकत्यांवर असतात आणि मधल्या मोठ्या चकतीवर मेमरी कंट्रोलर. कोअरच्या प्रत्येक चकतीचा मधल्या चकतीशी जोड ठरावीक रुंदीचा असतो. ७२८२ मध्ये कोअरच्या चकत्या दोनच. आठही पट्ट्या घातल्या तरी दोन चकत्यांतून जेवढे जाईल तेवढेच जाणार. एएमडीच्याच तपशिलात ७२३२पी, ७२५२, ७२७२ आणि ७२८२ यांना सेकंदाला ८५.३ जीबी लिहिले आहे. म्हणजे ९९५०एक्सपेक्षाही कमी.

ओळखायची खूण एल३ कॅश. ७२८२ ला ६४ एमबी, ७३०२पी ला १२८, ७४०२पी लाही १२८. बँडविड्थसाठी घेताना ६४ किंवा त्याखालचा आकडा दिसला की पुढे चला. कोअर कमी चालतील तर ७३०२पी (१६ कोअर, ३.०/३.३, १५५ वॉट) उत्तम.

नावातला शेवटचा 'पी' म्हणजे एकाच सॉकेटच्या बोर्डावर चालणारा. तुम्हाला एकच हवा आहे, त्यामुळे अडचण नाही.

---

पोफळी

जुना एपिक घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो कुलपाचा. काही मोठ्या सर्व्हर कंपन्यांच्या बोर्डात एपिक पहिल्यांदा चालू झाला की प्लॅटफॉर्म सिक्युअर बूटच्या सोयीने तो त्या कंपनीच्या बोर्डांशी कायमचा बांधला जातो. प्रोसेसरच्या आतले फ्यूज जळतात, ते परत जुळत नाहीत. असा प्रोसेसर सुपरमायक्रोवर लावला तर मशीन उठतच नाही, आणि माणूस बोर्ड खराब समजून परत पाठवतो. 'टेस्टेड' शब्दावर जाऊ नका. सर्वसाधारण बोर्डाच्या बायोसमध्ये प्रोसेसरचे नाव दिसते आहे असा ताजा फोटो मागा, आणि कुलूपबंद निघाल्यास परत घेऊ हे लेखी घ्या.

आता बसवणे. एसपी३ सॉकेटमध्ये ४०९४ टाचण्या आहेत आणि त्या बोर्डाच्या बाजूला. प्रोसेसर प्लॅस्टिकच्या वाहक चौकटीसकट रुळात सरकवायचा, हाताने टेकवायचा नाही. वरच्या लोखंडी चौकटीला तीन स्क्रू, टॉर्क्स टी२०, शेजारी १, २, ३ कोरलेले. त्याच क्रमाने आवळायचे, काढताना उलट. जोर सुमारे १.६ न्यूटन मीटर. शक्यतो टॉर्कचा पेचकस मिळवा.

जोर कमी-जास्त पडला तर मशीन चालू होते, पण आठातल्या एक-दोन पट्ट्या दिसत नाहीत. १२८ ऐवजी ११२ किंवा ९६ जीबी. लोक पट्टीला दोष देतात. आधी ती पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहा. गैरहजेरी खाचेबरोबर राहिली, पट्टीबरोबर गेली नाही, तर प्रोसेसर सैल करून पुन्हा बसवा. पट्टीबरोबर गेली तर तिची सोनेरी कडा ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर घेऊन पुसा. खोडरबर नको, मुलामा घासला जातो आणि चुरा खाचेत पडतो.

पंख्यांची गंमत वेगळीच. सर्व्हर बोर्डाला हजारो फेऱ्यांचे पंखे अपेक्षित असतात. तुम्ही शांत, ५०० फेऱ्यांचा पंखा लावला की बोर्डावरचा बीएमसी (मशीनवर नजर ठेवणारी स्वतंत्र चिप) समजतो पंखा मेला, आणि सगळे पंखे पूर्ण वेगात सोडतो. फेऱ्या वाढल्या की निवळतो, मग पुन्हा तेच. दर अर्ध्या मिनिटाला घरघर. उपाय बायोसमध्ये नाही, आयपीएमआयटूल या कमांडने पंख्याच्या खालच्या मर्यादा उतरवायच्या: 'सेन्सर थ्रेश', पंख्याचे नाव, 'लोअर', आणि तीन आकडे १००, २००, ३००. प्रत्येक पंख्यासाठी वेगळे.

आणखी एक. या बोर्डांवरच्या व्हीआरएमचे (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे) ॲल्युमिनियम बारीक असते, कारण सर्व्हरच्या पेटीत समोरून वारा सुटलेला असतो. साध्या कॅबिनेटमध्ये तो नसतो. पुढे दोन १४० मिमीचे पंखे लावा आणि त्यातल्या एकाचा झोत सॉकेटच्या बाजूने जाईल असे पाहा.

---

खाजन

पोफळीताई, हे सोन्यासारखे आहे. बीएमसीचा मला आणखी काय उपयोग?

---

पोफळी

पडदा, कीबोर्ड काही न जोडता दुसऱ्या मशीनच्या ब्राउझरमधून चालू-बंद करणे, बायोस पाहणे, तापमान वाचणे. आणि प्रोसेसर बंद असतानाही बीएमसी जागा असतो.

जुन्या बोर्डाचा सांकेतिक शब्द आधीच्या मालकाने बदललेला असतो. लिनक्स चढवून आतूनच आयपीएमआयटूलने नवा घाला. आणि तो पोर्ट थेट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका, घरच्या राउटरच्या आतच राहू दे.

मशीन उठायला काही मिनिटे लागतात, ती त्याची रीत. पडदा काळा दिसला म्हणून बटण दाबून बंद करू नका.

---

बारदेस

उशीर रायझनलाही लागतो. एएम५ वर (नव्या रायझनच्या सॉकेटवर) डीडीआर५ पहिल्यांदा घातली की रॅमचे ट्रेनिंग चालते, पट्ट्या मोठ्या असतील तर पडदा कित्येक मिनिटे काळा. नवीन माणूस घाबरून एसएमपीएस बंद करतो आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ब पर्याय घेणार असाल तर दोन पट्ट्यांवरच थांबा. चार घातल्या की अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. म्हणजे ८९.६ चे ५७.६ जीबी, तुमच्या आजच्या मशीनच्या जरासे वर. रॉम्ससाठी नवे मशीन घेऊन हा वेग मिळवण्यात अर्थ नाही. चार पट्ट्यांना एक्सपोने (रॅमचा वेग वाढवायच्या बायोसमधल्या सोयीने) ६००० वर ढकलणे जमले तर नशीब, पण रात्रभराच्या रनला नशीब हा आधार नव्हे.

विजेचे म्हणाल तर बायोसमध्ये इको मोड आहे. १७० वॉटचा प्रोसेसर प्रत्यक्षात सॉकेटमधून २३० पर्यंत ओढतो. १०५ वॉटचा इको लावला की १४२ वर थांबतो. सगळे कोअर चालू असताना वेगात थोडीच घट येते, आणि कूलरचा आवाज मात्र एकदम उतरतो. रॅमवर अडणाऱ्या कामात तर घट शोधूनही सापडणार नाही.

लेनचा, म्हणजे कार्ड आणि डिस्क जोडायच्या वाटांचा, हिशेबही मनात असू द्या. रायझनला २८ लेन, त्यातल्या ४ चिपसेटला, उरल्या २४: ग्राफिक्सला १६, दोन एनव्हीएमई डिस्कना ४-४. पुढचे सगळे चिपसेटच्या चार लेनमधून. एपिकला १२८. पण एक कार्ड आणि दोन डिस्क लावणाऱ्याला १२८ लेनचा उपयोग काय? बरेच जण याच आकड्याला भुलतात.

---

साष्टी

इंटेलबद्दल कोणी लिहिले नाही. आय९-१४९००के: ८ + १६ कोअर, ६ गिगाहर्ट्झ, क्विकसिंक आहे.

---

बारदेस

फक्त एडिटिंगला चांगला, पण जुना घेऊ नका. १३व्या-१४व्या पिढीतले मोठे डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजने हळूहळू अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य करून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या सुधारणा) दिले, सप्टेंबरचा ०एक्स१२बी आणि त्यापुढचे, शिवाय वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. जुना प्रोसेसर आधी कुठल्या बायोसवर किती दिवस चालला, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. नवा घेतलात तर आधी बायोस अद्ययावत करा, मग पॉवरच्या मर्यादा १२५ आणि २५३ वर हाताने बांधा. काही बोर्ड त्या मोकळ्या सोडतात.

आणि रॉम्समध्ये एक खोच आहे. एमपीआय सगळ्या प्रोसेसना सारखे तुकडे वाटतो. ८ जलद आणि १६ संथ कोअरवर सारखे तुकडे गेले की जलद कोअर प्रत्येक पायरीला संथांची वाट बघत राहतात.

---

म्हादई

ईसीसीवर, म्हणजे बिटची चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्या रॅमवर, कोणी बोलले नाही, आणि बारा तासांच्या रनला ती हवीच. एका बिटची उलथापालथ झाली तर मॉडेल कोसळेल तेव्हा कोसळेल. वाईट ते, की कोसळणार नाही आणि क्षारतेच्या नकाशात एक चूक गुपचूप राहून जाईल.

एपिकवर आरडीआयएमएम म्हणजे ईसीसी आलीच. रायझनवर बिगर-रजिस्टर ईसीसी पट्ट्या चालतात, पण बोर्डाने साथ द्यायला हवी. 'ईसीसी पट्ट्या नॉन-ईसीसी मोडमध्ये चालतात' असे पुस्तिकेत असेल तर त्याचा अर्थ चालतात, पण दुरुस्ती होत नाही. डीडीआर५ च्या जाहिरातीतली 'ऑन-डाय ईसीसी' ही चिपच्या पोटातली सोय आहे. पट्टी ते प्रोसेसर या वाटेत झालेली चूक ती पकडत नाही.

खात्री लिनक्सवर करा. डीएमआयडीकोडला रॅमची माहिती विचारा. 'डेटा विड्थ' ६४ आणि 'टोटल विड्थ' ७२ (डीडीआर५ वर ७२ किंवा ८०) दिसली पाहिजे. मग कर्नलच्या नोंदीत ईडीएसी (रॅमच्या चुका नोंदवणारा भाग) चालू झाल्याची ओळ शोधा. दोन्ही दिसले तरच ईसीसी आहे म्हणा.

'सर्व्हर' आणि 'डेस्कटॉप' या नावांवर फार जाऊ नका, असेही सुचवतो. एएमडीने मे २०२४ मध्ये एपिक ४००४ मालिका आणली. तिच्यातला ४५६४पी म्हणजे १६ कोअर, ४.५/५.७ गिगाहर्ट्झ, १७० वॉट, एएम५ सॉकेट. ७९५०एक्सशेजारी ठेवून आकडे वाचा, तेच. दोन चॅनल, २८ लेन. मिळते ती सर्व्हर कामासाठीची तपासणी आणि ईसीसीची हमी. तुमच्या रॉम्सला एपिक हे नाव नको, आठ चॅनल हवेत.

---

खाजन

चाचणी झाली. २ वरून ४ प्रोसेसना वेळ निम्म्याच्या जवळ आला. ४ वरून ६ ला थोडाच उतरला, ६ वरून ८ ला जवळजवळ तिथेच. अंत्रुजदादांनी सांगितले तसेच बांधून चालवले होते. कॅमेऱ्याचे फुटेज ४:२:२ आहे, कार्ड जुने.

म्हणजे रॅमवरच अडले. मग अ घेऊन रिझॉल्व्हही त्यावरच चालवू का?

---

अंत्रुज

तुमच्या आकड्यांवरून उत्तर सरळ दिसते, पण दोन्ही कामे एकाच मशीनवर ही अट सोडा.

५७००एक्स हा एडिटिंगला आजही बरा प्रोसेसर आहे, ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ७४०२पी वर रिझॉल्व्ह हलवलेत तर ३.३५ वर उतराल, दिवसाचे काम आजच्यापेक्षा संथ होईल. कार्ड आहे तिथेच राहू द्या, ४:२:२ च्या प्रॉक्सी करा. एपिक फक्त रॉम्ससाठी घ्या. त्याला ग्राफिक्स कार्ड नको, पडदा नको, विंडोज नको. एक लिनक्स आणि एक एनव्हीएमई. एक जण एडिट करत असताना दुसऱ्या मशीनवर रन चालू राहील, हा फायदा वेगळाच.

रस्त्याची रुंदी ५१.२ वरून २०४.८ म्हणजे चौपट. ९९५०एक्सने ती पावणेदोनपट झाली असती. चौपट ही वरची मर्यादा, प्रत्यक्षात तिच्या खालीच मिळेल. पण रॉम्समध्ये या दोन आकड्यांमधले अंतर पुसले जाणार नाही.

मशीन आले की रॉम्सच्या आधी स्ट्रीम (रॅमचा वेग मोजणारी चाचणी) चालवा. त्यातल्या ॲरेचा मूळ आकार १ कोटी घटकांचा, म्हणजे ८० एमबी. १२८ एमबी कॅश असलेल्या प्रोसेसरवर त्यातला बराच भाग कॅशमध्येच राहतो आणि आकडा फुगतो. ॲरे कॅशच्या चौपट तरी हवा. ५१२ एमबीसाठी साधारण ६.७ कोटी घटक लागतात, सरळ ८ कोटी ठेवा आणि पुन्हा कंपाइल करा. आलेला आकडा २०४.८ च्या निम्म्याच्या आसपास अडकला तर पट्ट्या आठ आहेत का, सगळ्या ३२०० वर चालल्या का, हे बायोसमध्ये पाहा. एखादी २६६६ ची पट्टी मिसळली असेल तर सगळ्या तिच्या वेगावर उतरतात.

मग बायोसमध्ये 'नुमा नोड्स पर सॉकेट' ४ करा. २४ कोअरचे सहा-सहाचे चार गट पडतील, प्रत्येकाच्या वाट्याला जवळचे दोन चॅनल. प्रोसेस २४, ४८ नाही. दुसरा थ्रेड इथे फक्त गर्दी करतो.

रॉम्सच्या इनपुटमध्ये तुकडे ४ × ६ ठेवलेत तर प्रत्येकाला ७५ × ६७ च्या आसपास बिंदू येतात. २ × १२ करूनही पाहा. फोर्ट्रानमध्ये पहिली दिशा रॅममध्ये सलग असते, त्या दिशेला तुकडे कमी केले की आतले लूप लांब राहतात. मात्र कडांची देवाणघेवाण वाढते. तुमच्या जाळीत जमीन बरीच आहे, त्यामुळे काही तुकड्यांना पाणी कमी मिळेल. कुठली वाटणी जिंकते ते अर्ध्या तासाच्या दोन रनमध्ये कळेल.

---

म्हादई

ताळगाव म्हणजे खाडी आणि समुद्र दोन्ही जवळ, म्हणून पावसाळ्याचे सांगतो. जून ते सप्टेंबर दमट खारी हवा बंद मशीनला जास्त खाते. चालू मशीन आतून गरम असते, त्यावर ओल धरत नाही. आठवडाभर काम नसले तरी दिवसाआड तासभर चालू करा. एसीचा गार झोत थेट कॅबिनेटवर नको. एसी बंद करून लगेच खिडकी उघडली तर बाहेरची ओली हवा गार पत्र्यावर पाणी धरते.

यूपीएस शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. चौकोनी लाटेच्या स्वस्त यूपीएसवर ॲक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस बदलाच्या क्षणी बंद पडतात, म्हणजे लाइट गेली की यूपीएस असून मशीन बंद. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर मागची कळ 'यूपीएस' वर हवी. भरल्या भाराला एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो आणि दुसऱ्या मोडवर इन्व्हर्टर त्याहून हळू बदलतो. आणि रॉम्सला रीस्टार्ट फाइल मॉडेलच्या दर सहा तासांनी लिहायला सांगा. लाइट गेलीच तर तिथून पुढे.

वीज: प्रोसेसर, पट्ट्या, बोर्ड, पंखे मिळून अडीचशे वॉट धरले तर १४ तासांचा रन साडेतीन युनिट. रिकामा चालू ठेवू नका. ६० वॉटही रात्रंदिवस चालले तर महिन्याला ४३ युनिट होतात. रन संपला की स्वतःहून बंद होण्याची ओळ स्क्रिप्टच्या शेवटी घाला, पुन्हा चालू बीएमसीतून.

---

खाजन

पक्के. ७४०२पी, कुलूप नसल्याचा फोटो आल्यावरच. एक शेवटचे: रॉम्सच्या फाइली एडिटिंगच्या मशीनवर न्यायच्या आहेत, तिथे चित्रे करतो. बोर्डावर गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. दहा गिगाबिटचे कार्ड घालू का?

---

अंत्रुज

हिशेब करा. साठवताना एका राशीला ४ बाइट, म्हणजे २४ लाख बिंदूंना ९.६ एमबी. वेगाचे तीन घटक, तापमान, क्षारता मिळून ४८ एमबी. दर तासाला एक नोंद, ३० दिवसांच्या ७२० नोंदी: साडेचौतीस जीबी. गिगाबिटवरून सेकंदाला ११० एमबी धरले तर सव्वापाच मिनिटे. कार्ड नको. त्या पैशात यूपीएस एक आकार मोठा घ्या.

---

खाजन

देव बरें करूं, सगळ्यांना. मशीन उभे राहिले की स्ट्रीमचा आकडा आणि ४ × ६ विरुद्ध २ × १२ चे वेळ याच धाग्यावर टाकतो.